परक्याला जमीन द्यायची का? गोठणगाव ते कॅलिफोर्निया

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे गाडी रुळावरून घसरली होती ती सरळ केली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.

आजचा विषय तुमच्यापैकीच बऱ्याच जणांनी सुचवलाय. माझ्यासारखे कोडिंग करून पोट भरणारे, तिशीच्या उंबरठ्यावरचे लोक एकत्र आले की एक प्रश्न हमखास निघतो. बाहेर देशात राहतोय, भाडं भरून कंटाळलोय, तर तिथलं नागरिकत्व नसताना घर घेता येतं का?

उत्तर देशागणिक बदलतं. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी लोकांना राहती घरं विकत घ्यायला बंदी केली. आधी ती दोन वर्षांसाठी होती, मग १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. पीआर मिळालेल्यांना तीतून सूट आहे. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परदेशी लोकांना जुनी, बांधलेली घरं घेणं बंद केलं. सिंगापूर म्हणतं, फ्लॅट खुशाल घ्या, पण किमतीवर ६० टक्के जादा स्टॅम्प ड्यूटी भरा. आणि दुबई? तिने २००२ मध्ये ठरावीक भागांत परदेशी माणसाला पूर्ण मालकीने घर घ्यायची दारं उघडली आणि त्यावर अख्खं शहर उभं केलं.

आता गंमत बघा. माणूस तोच, पगार तोच, खात्यातले पैसेही तेच, आणि उत्तरं मात्र चार. म्हणजे प्रश्न फक्त पैशाचा नाही. तुम्ही त्या देशाच्या लेखी कोण आहात, यावर उत्तर ठरतं. गिऱ्हाईक, पाहुणा, घुसखोर, शत्रू, की घरचा माणूस? आजच्या भागात हाच धागा धरून जायचंय. शेवटी आपण लाखांदूरच्या शेजारीच येऊन थांबणार आहोत, कारण या प्रश्नाचं सगळ्यात अवघड रूप आपल्या अगदी जवळ आहे.

जमीन म्हणजे निष्ठा

फार वर्षं जगाचा साधा नियम होता: परक्याला जमीन नाही. इंग्लंडमध्ये जमीन शेवटी राजाची मानली जायची आणि ज्याच्याकडे ती आहे त्याने राजाशी इमान राखायचं. ज्याचं इमान दुसऱ्या राजाशी, त्याच्या हाती जमीन कशी द्यायची? त्यामुळे परदेशी माणसाला इंग्रजांच्या देशात आपल्या नावावर जमीन धरायचा हक्क मिळायला १८७० चा कायदा यावा लागला.

पण याच इंग्रजांनी हिंदुस्थानात जे केलं ते याहून मजेशीर आहे. ईस्ट इंडिया कंपनी आपल्याच गोऱ्या लोकांना इथे जमीन घेऊ देत नव्हती. कलकत्ता, मद्रास, मुंबई या शहरांबाहेर गोऱ्याला परवानगीशिवाय जमीन धरता येत नसे. कारण कंपनीला भीती होती. हे लोक गावोगाव जमीनदार होऊन बसतील, रयतेशी भांडतील, आणि आपलं ऐकणार नाहीत. मग निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांनी काय केलं? तेच, जे आपल्याकडे आजही होतं. जमीन दुसऱ्याच्या नावावर आणि कारभार आपला. बेनामी हा प्रकार आपल्या नेत्यांनी शोधून काढलेला नाही, एवढं लक्षात ठेवा.

शेवटी १८३३ च्या चार्टर ॲक्टने ही अडवणूक काढली आणि कंपनीच्या मुलखात ब्रिटिश प्रजाजनांना जमीन घ्यायला मोकळीक दिली. तेव्हा आपला भंडाऱ्याचा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. कंपनीच्या ताब्यात तो गेला १८५४ मध्ये, नागपूर राज्य खालसा झाल्यावर. म्हणजे १८३३ साली इथल्या माणसाच्या दृष्टीने इंग्रजच परदेशी नागरिक होते. वीस-एकवीस वर्षांत तेच सरकार झाले. परका कोण, हे जमिनीवर कुठे लिहिलेलं नसतं. ज्याच्या हातात दप्तर, तो ठरवतो.

कॅलिफोर्निया: आधी नागरिकत्व नाकारा, मग जमीन

आता अमेरिकेत चला. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने एक कायदा केला. त्यात 'जपानी', 'हिंदी' असे शब्दच नव्हते. शब्द होते 'नागरिकत्वासाठी अपात्र परदेशी'. अशा लोकांना शेतजमीन विकत घेता येणार नाही, फार तर तीन वर्षांच्या पट्ट्याने कसता येईल. १९२० मध्ये तो पट्टाही बंद केला.

कायदा कसा रचलाय बघा. कोडच्या भाषेत सांगायचं तर अट एका फाइलमध्ये आहे आणि तिची व्याख्या दुसऱ्याच फाइलमध्ये. त्या वेळी अमेरिकेचं नागरिकत्व मिळवायचा हक्क 'गोऱ्या' लोकांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना होता. आशियाई माणूस यात बसेना. म्हणजे जमिनीच्या कायद्यात वंशाचा उल्लेखच नको, तो नागरिकत्वाच्या कायद्यात आधीच आहे.

आपल्या लोकांना त्यात थोडी फट होती. काही हिंदी माणसांना कोर्टांनी 'गोरे' मानून नागरिकत्व दिलं होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फट बुजवली. हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, असा निकाल आला. त्यानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही रद्द करायला सुरुवात केली.

वैष्णोदास बगाई हे पेशावरचे. १९१५ मध्ये बायको-मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेले, दुकान टाकलं, १९२१ मध्ये नागरिक झाले. निकालानंतर नागरिकत्व गेलं आणि त्यामागोमाग मालमत्तेचा हक्क गेला. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. जाताना वर्तमानपत्रासाठी पत्र लिहून ठेवलं, की हा देश आपला समजून आलो होतो, आता ना इकडचा राहिलो ना तिकडचा.

दुसरं नाव सखाराम गणेश पंडित. नाव ऐकूनच मराठी माणसाचे कान टवकारतात. हे थिंद यांचे वकील. स्वतः १९१४ मध्ये नागरिक झालेले. सरकारने त्यांच्याही नागरिकत्वावर खटला भरला, आणि तो त्यांनी स्वतःसाठी लढवला. मुद्दा साधा होता. तुम्ही दिलेल्या कागदावर विसंबून मी आयुष्य उभं केलं. वकिली केली, अमेरिकन बाईशी लग्न केलं. आज तो कागद काढलात तर माझी वकिली जाईल, आणि तुमच्याच कायद्याने माझ्या बायकोचंही नागरिकत्व जाईल. १९२६ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाने एकदा दिलेला निर्णय, वेळेवर अपील न करता, इतक्या वर्षांनी सरकारला असा उलटवता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला, आणि बाकीच्या हिंदी लोकांवरचे असे खटले सरकारने सोडून दिले.

बाकी शेतकऱ्यांनी काय केलं? निळीच्या मळेवाल्यांनी केलं तेच. जमीन अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर, ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर. ज्याच्या नावावर ठेवली तो सरळ निघाला तर ठीक, नाही तर घाम आपला आणि जमीन त्याची. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा रस्ता १९४६ मध्ये खुला झाला. कॅलिफोर्नियाचा जमीन कायदा तिथल्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये, सेइ फुजी यांच्या खटल्यात, मोडीत काढला. आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. २०२३ मध्ये फ्लोरिडाने चिनी नागरिकांच्या जमीनखरेदीवर पुन्हा कडक बंधनं घातली. भीतीचं नाव बदलतं, कायद्याचा साचा तोच राहतो.

आता घरी या

लाखांदूर तालुक्याला लागून अर्जुनी मोरगाव तालुका आहे. तिथे गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याच धरणाचं पाणी कालव्याने आपल्याकडच्या धानाच्या बांध्यांमध्ये येतं. त्या धरणाच्या, नवेगाव बांधच्या परिसरात, गोठणगावजवळ एक वसाहत आहे: नोर्ग्येलिंग. तिबेटी निर्वासितांची. ती वसली १९७२ मध्ये. तेव्हा तो सगळा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला. पण तिबेटी प्रशासनाच्या यादीत या वसाहतीपुढे आजही 'भंडारा' असंच लागतं. महाराष्ट्रातली त्यांची हीच वसाहत.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो लोक हिमालय उतरून आले. सुरुवातीला त्यातले बरेच जण डोंगरात रस्ते बांधायच्या कामावर होते. थंड हवेतली माणसं, खाली उतरल्यावर आजारी पडत. मग भारत सरकारने राज्यांकडे जमीन मागितली. म्हैसूर राज्याने पुढाकार घेतला आणि १९६० मध्ये बायलकुप्पेची वसाहत सुरू झाली. नंतर छत्तीसगडातलं मैनपाट, ओडिशातलं चंद्रगिरी अशा वसाहती झाल्या. गोठणगाव त्याच माळेतलं. विचार असा होता की हे लोक एकत्र राहावेत, आपली भाषा, आपला धर्म, आपल्या शाळा टिकवाव्यात, म्हणजे परत जायची वेळ येईल तेव्हा ते तिबेटी म्हणूनच परत जातील.

हे 'परत जातील' नीट लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

कारण त्यामुळे जमीन मालकीने दिली गेली नाही. कायद्याने हे लोक परदेशी. त्यांच्याकडे नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, ते ठरावीक काळाने नवं करून घ्यावं लागतं. वसाहतींची जमीन सरकारची, ती पट्ट्याने निर्वासितांच्या मदत समितीकडे, आणि समितीकडून कुटुंबांच्या वाट्याला. कसा, घर बांधा, पिढ्या काढा. पण विकता येत नाही, आणि आपल्या नावाचा उतारा नसल्याने शेत गहाण ठेवून बँकेचं कर्ज काढणंही होत नाही. आपल्या धंद्यातल्या भाषेत ही सबस्क्रिप्शन आहे. वापरा खुशाल, फक्त मालक दुसरा.

म्हणूनच या वसाहतींतले लोक हिवाळ्यात शहराशहरांत स्वेटर विकताना दिसतात. त्या गरम कपड्यांच्या बाजारामागे जमिनीचा हा कागद आहे. शेतीत भांडवल घालता येत नाही, म्हणून गाठोडं घेऊन बाजार गाठायचा.

प्रत्येक राज्याचा हिशेब वेगळा होता. कुठे करार लिहिलेला, कुठे नुसता शब्द. २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं आणि राज्यांना सांगितलं, की या जमिनींचे पट्टे वीस वर्षांसाठी रीतसर करून द्या, आणि सरकारी योजनांचा लाभही द्या. ही मोठी सुधारणा होती. पण वीस वर्षं म्हणजे किती? धानाच्या शेतकऱ्याला ती फार वाटतील. पण बांधावर आंब्याचं कलम लावणाऱ्याला विचारा.

एकाच तालुक्यातले दोन निर्वासित

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी गावं आहेत. तिथे बंगाली बोललं जातं. हे पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासित. त्यांनाही सरकारनेच वसवलं, कसायला जमिनी दिल्या. पुढे गडचिरोलीकडेही अशा बंगाली वसाहती आहेत.

दोघेही सीमेपलीकडून आले. दोघेही होतं-नव्हतं ते सोडून आले. दोघांनाही याच मातीत, याच धानाच्या पट्ट्यात आणून बसवलं. पण एकाला भारताने फाळणीमुळे बाहेर राहिलेला आपला माणूस मानलं, नागरिक केलं, मतदार केलं. दुसऱ्याला मानलं पाहुणा. खूप मानाचा पाहुणा, पण पाहुणाच. सरकारी वाटपाच्या जमिनीवर भोगवटादार वर्ग-२ चा शिक्का असतो, विकायला परवानगी लागते, त्यासाठी कचेरीच्या चकरा असतात. नागरिकाचीही वाट सोपी नाही. पण तो निदान मागणी करू शकतो, मत देऊन सरकारला जाब विचारू शकतो. पाहुणा कोणाला जाब विचारणार?

मग तिबेटी लोक नागरिक का होत नाहीत? आपल्या नागरिकत्व कायद्याने २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय. आई-वडील कोण, हा प्रश्न नाही. पण तिबेटी मुलांना हे लागू आहे हे मान्य व्हायला डिसेंबर २०१० उजाडला. नामग्याल डोलकर यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ते सांगितलं, २०१६ मध्ये पुन्हा सांगितलं. त्यानंतर २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने तिबेटी अर्जदारांना पासपोर्टसाठी अटी घातल्या: नोंदणी प्रमाणपत्र परत करा, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा, आणि तिबेटी वसाहतीत राहू नका.

जरा थांबून याचा अर्थ लावा. पन्नास वर्षं ज्या घरात आई-बाप राहिले, जी बांधी त्यांनी कसली, ती 'आपली' करण्याचा रस्ता नागरिकत्वातून जातो, आणि त्या रस्त्यावर पहिली अट आहे ती घर-बांधी सोडून जाण्याची. बगाई यांच्याकडून नागरिकत्व काढलं आणि मालमत्तेचा हक्क गेला. इथे नागरिकत्व घ्यायचं तर छप्पर जातं.

यात सरकारला नुसतं खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. बऱ्याच तिबेटी कुटुंबांनाच नागरिकत्व नको असतं. भारतीय पासपोर्ट घेतला म्हणजे परत जायचा दावा सोडला, असं त्यांना वाटतं. त्यांच्यासाठी भाडेपट्टा ही गैरसोय आहे, आणि तीच आशाही आहे. मालकी घेतली की प्रवास संपला.

आणि दुसरी बाजूही बोलायला हवी, ती आपल्या गावांत ऐकू येते. आमच्याच माणसाला पट्टा मिळत नाही, बाहेरच्यांना कशाला? हा राग पोकळ नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी नसलेल्या कुटुंबाला जंगलजमिनीवर दावा करायचा तर तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो. झुडपी जंगलाच्या नोंदीत विदर्भातल्या कित्येकांची घरं-शेतं अडकलेली आहेत. म्हणजे नागरिक असूनही पायाखालची जमीन आपली नसते, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. पण म्हणूनच मला वाटतं, तिबेटी शेजाऱ्याची अडचण समजायला आपल्याइतका लायक दुसरा कोणी नाही. कागदाशिवाय कसणं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक आहे.

तुमचा सातबारा, तुमचा पासपोर्ट

शेवटी पुन्हा आपल्या ग्रुपवरच्या प्रश्नाकडे. उद्या तुम्ही अमेरिकेचे किंवा कॅनडाचे नागरिक झालात, ओसीआय कार्ड घेतलं, तर भारताच्या लेखी तुम्हीही अर्धे पाहुणे. फेमा कायद्याखाली तुम्ही नागपुरात फ्लॅट घेऊ शकता, दुकानाचा गाळा घेऊ शकता. पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही. भारतीय पासपोर्ट ठेवून परदेशात स्थायिक झालात, तरी हेच. वडिलोपार्जित बांधी वारशाने तुमच्याकडे येऊ शकते, पण धुऱ्यापलीकडची शेजाऱ्याची बांधी विकत घेता येत नाही. आणि वारशाने आलेली विकायची झाली, तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

त्यातही एक गाठ आहे. विदर्भासाठी १९५८ चा कुळकायदा वेगळा आहे, आणि त्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला बंधन आहे. म्हणजे पुण्यात जन्मलेला, सात पिढ्यांत शेती नसलेला पक्का भारतीय नागरिकही लाखांदुरात येऊन सहज धानाची जमीन घेऊ शकत नाही. इथे परका म्हणजे परदेशी नव्हे, तर न कसणारा. माझ्या मते 'परका' या शब्दाच्या सगळ्या व्याख्यांत ही सगळ्यात कमी अन्यायाची आहे, कारण ती रक्त विचारत नाही, काम विचारते.

तेव्हा बाहेर घर घ्यायचं असेल तर जरूर बघा. पण वकिलाला दर आणि कर विचारण्याआधी एवढं विचारा, की हा देश मला कोण समजतो? आज गिऱ्हाईक समजत असेल तर उद्या काय समजेल? पीआर झाल्यावर नियम बदलतो का, तो मागे जाऊन लागू होऊ शकतो का, मी गेल्यावर बायको-मुलांना काय मिळतं? पंडितांनी हे प्रश्न कोर्टात विचारले. बगाईंच्या वाट्याला त्यांची उत्तरं आधीच आली होती. आणि घर दुसऱ्याच्या नावावर घेऊन ठेवायचा सल्ला कोणी दिला, तर निळीचे मळेवाले आणि कॅलिफोर्नियाचे शेतकरी आठवा.

आणि कधी नवेगाव बांधला पक्षी बघायला गेलात, तर गोठणगावकडेही वळा. गोंपा बघा, मोमो खा, फोटो काढा, सगळं करा. पण शेतात धान उभं असेल तर क्षणभर तेही बघा. लाखांदूरच्या बांध्यांत असतं तसंच धान आहे ते. रोवणीचा चिखलही तसाच. फरक फक्त तलाठ्याच्या दप्तरात आहे.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरात जमिनीचे जुने कागद असतील, मोडीत किंवा उर्दूत लिहिलेले, तर जपून ठेवा. त्यांच्यावर एक भाग करायचाय.